उजेड हाताजवळ आणा

(नेर येथे बचत गटांच्या सभेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. ज्या तायांना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत. आपल्या गटाच्या बैठकीत कोणीतरी मोठ्यानं वाचून दाखवावा.)



कर्ज, वसुली, व्याज यावर सकाळपासून बोलून झालं. मला विषय दिला आहे घरातल्या लाईटचा. विषय ऐकून मागे बसलेल्या दोघी-तिघी हसल्या. त्यांचंही बरोबर आहे. "लाईटवर काय भाषण देता बाप्पा, बटन दाबलं की लागते अन् लाईन गेली की जाते," असं कुणालाही वाटेल. म्हणून मी आधी दोन प्रश्न विचारते. मनातल्या मनात उत्तर द्या.

पहिला प्रश्न. तुमच्या घरात सगळ्यात चांगला, नवा, लख्ख दिवा कोणत्या खोलीत आहे? दुसरा प्रश्न. सगळ्यात जुना, धुरानं काळपटलेला, कधी लागणारा कधी न लागणारा दिवा कुठं आहे?

बहुतेकींचं उत्तर एकच येईल. चांगला दिवा पुढच्या खोलीत, टीव्हीजवळ, पाहुणे बसतात तिथं. जुना दिवा सयपाकघरात. अन् न्हाणीत, संडासात तर दिवाच नाही. पुढच्या खोलीतला दिवा गेला की त्याच दिवशी नवा येतो. सयपाकघरातला गेला की "आणू बाजाराच्या दिवशी" असं म्हणत पंधरा दिवस जातात. कुणी मुद्दाम करत नाही, ही सवय आहे. पण या सवयीचा अर्थ काय होतो बघा. जिथं माणसं नुसती बसतात तिथं उजेड, आणि जिथं बाई चाकूनं चिरते, उकळतं दूध उतरवते, तांदळातले खडे वेचते, तिथं अंधार. टीव्हीला तर स्वतःचाच उजेड असतो, त्याला बल्ब लागतही नाही!

मला आज एवढंच सांगायचं आहे, की उजेड हाताजवळ आणा. काम करणारा हात जिथं, दिवा तिथं. बाकीचं सगळं या एका गोष्टीतून निघतं.

कंदील हलत होता, बल्ब अडकून बसला

आपल्या आज्या-सासवांच्या काळात कंदील होता. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीला स्वदेशी काचकारखाना होता, तिथला 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रभर घरोघरी होता. त्याचा उजेड कमीच. पण त्यात एक गुण होता, तो हातात धरून नेता येत होता. सयपाक करायचा तर चुलीजवळ, गाय दोहायची तर कोठ्यात, पोरगं वाचतंय तर त्याच्यासमोर. उजेड माणसामागं फिरत होता.

वीज आली आणि बल्ब खोलीच्या मधोमध, आढ्याला टांगला गेला. वायरमननं जिथं होल्डर बसवला तिथंच तो वीस वीस वर्षं राहिला. आता माणूस उजेडामागं फिरतो. सूई ओवायची तर बाई उठून बल्बखाली जाते. पासबुक वाचायचं तर दारात जाते.

यामागं एक साधा हिशेब आहे. दिवा जितका दूर जाईल तितका उजेड झपाट्यानं कमी होतो. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. उलट करून बघा. आठ फुटांवरचा दिवा चार फुटांवर आणला तर त्याचा थेट उजेड चौपट होतो. दोन फुटांवर आणला तर सोळा पट. बल्ब तोच, बिल तेच, एक पैसा जास्त नाही. म्हणून "उजेड कमी पडतो" म्हणून मोठा बल्ब आणण्याआधी, आहे तो दिवा खाली आणता येतो का, बाजूला सरकवता येतो का, ते बघा.

खोली-खोलीनं बघू

सुरुवात सयपाकघरापासून. दिवा तुमच्या पाठीमागे असेल तर तुमचीच सावली पातेल्यात पडते. वरण करपलं ते दिसत नाही, वासानं कळतं. चिरताना बोट कापतं. म्हणून दिवा तुमच्या पाठीमागे नको, समोरच्या किंवा बाजूच्या भिंतीवर हवा. ओटा असेल तर ओट्याच्या वर, डोक्यापेक्षा थोडा उंच. चूल असेल तर चुलीच्या थेट वर नको, तिथं धूर आणि आच लागते. हात-दोन हात बाजूला भिंतीवर घ्या. पाणी उडेल अशा जागी होल्डर नको. अन् महिन्यातून एकदा, बटन बंद करून, बल्ब थंड झाल्यावर कोरड्या फडक्यानं पुसा. धुराचा आणि तेलाचा थर बसला की बल्ब चालू असतो, पण उजेड आतच राहतो.

मग येते पोरांच्या अभ्यासाची जागा. पोरगं भिंतीकडे पाठ करून खाली बसतं, वही मांडीवर, दिवा वर मधोमध. मान वाकली की डोक्याची सावली वहीवर. त्याला एक जागा ठरवून द्या, कोपरा चालेल, पण रोज तीच जागा. दिवा डाव्या बाजूला, थोडा वर. उजव्या हातानं लिहिणाऱ्या पोराच्या हाताची सावली मग अक्षरावर पडत नाही. डावखुरं असेल तर दिवा उजवीकडे. नुसता एक होल्डर, दोन मीटर वायर आणि भिंतीला खिळा एवढ्यात हे होतं. फक्त वायर चांगली घ्या, जोड नसलेली.

आपल्यापैकी ज्या शिवणकाम करतात त्यांनी नीट ऐका. आपल्या देशात इमारती कशा बांधाव्यात याची राष्ट्रीय इमारत संहिता आहे. तिच्यात कोणत्या कामाला किती उजेड हवा तेही लिहिलं आहे. उजेड मोजायचं माप लक्स. जिन्यावर १०० लक्स, सयपाकघरात २००, अभ्यासाला ३००, आणि शिवणकामाला ७००. म्हणजे सयपाकाच्या साडेतीन पट उजेड शिवणाऱ्या बाईला लागतो. आणि आपण काय करतो? दिवसभर शेतात, रात्री सगळे झोपले की मशीन काढतो, पोरं उठतील म्हणून मोठा दिवा बंद करतो आणि अंधुक उजेडात काळ्या कापडावर काळा दोरा घालतो. डोकं दुखतं, डोळ्यातून पाणी येतं, टाका चुकतो, ब्लाऊज उसवावा लागतो. मशीनसाठी गटातून कर्ज घेताना दिव्याचा खर्चही त्याच अंदाजात धरा. सुईपासून दीड-दोन फुटांवर, डावीकडून, वाकवता येणारा छोटा दिवा. त्याचा उजेड फक्त मशीनवर पडतो, पोरांची झोपही मोडत नाही. दोऱ्याचा रंग मात्र दिवसाच जुळवून ठेवा, रात्री निळा आणि काळा सारखाच दिसतो.

मोबाईलमध्ये लक्स मोजायचं ॲप येतं. आकडा अगदी अचूक नसतो, पण कोणत्या कोपऱ्यात किती फरक आहे ते दाखवतो. सीआरपी ताईंनी एकदा गटात करून दाखवावं. ॲप नसेल तर बचत गटाचं पासबुक घ्या. जिथं बसून काम करता तिथं बसून, डोळे न ताणता, त्यातले बारीक आकडे वाचता आले तर उजेड पुरेसा. नाही आले तर एक तर दिवा जवळ हवा, नाही तर डोळे तपासायला हवेत. दोन्हीपैकी काय ते दिवसा दारात बसून वाचलं की कळेल.

आता घरातली म्हातारी माणसं. वय वाढलं की डोळ्याला जास्त उजेड लागतो. सासूबाई "दिसत नाही" म्हणतात तेव्हा त्या कुरकुर करत नसतात. मोतीबिंदू असेल तर उघडा बल्ब डोळ्यावर आला की आणखीच दिपतं. म्हणून त्यांच्या खाटेसमोर उघडा बल्ब नको. दिवा खाटेच्या मागे किंवा बाजूला, उजेड भिंतीवर पडून येईल असा. आणि बटन खाटेवरून हाताला लागेल असं. रात्री उठून अंधारात बटन चाचपडताना पडलेल्या, मांडीचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या आपल्या प्रत्येक गावात आहेत. उंबरा आणि पायरीजवळ रात्रभर चालणारा अर्ध्या-एक वॅटचा छोटा दिवा लावला तरी पुष्कळ.

बाळंतिणीच्या खोलीबद्दल एक गोष्ट. बाळ-बाळंतीण म्हणून खोली अंधारी ठेवायची आपली पद्धत. पण बाळाला कावीळ झाली का हे पिवळ्या बल्बखाली ओळखू येत नाही, सगळंच पिवळं दिसतं. दिवसातून एकदा बाळाला दाराजवळ, दिवसाच्या उजेडात घेऊन त्याची कातडी आणि डोळे बघा. शंका आली तर आशाताईला दाखवा.

कापसाची खोली

आता आपल्या भागाचं बोलते. दसरा-दिवाळीनंतर कापूस घरात येतो. भाव वाढेल म्हणून पुढच्या खोलीत, माजघरात, कधी अर्ध्या घरात आढ्याला टेकेल एवढा कापूस भरलेला असतो. खिडकी झाकली जाते, बोर्ड झाकला जातो, कधी बल्बसुद्धा कापसाला टेकतो. अन् त्याच खोलीत पोरं झोपतात.

जुना गोळा बल्ब हात लावता येणार नाही इतका तापतो, कारण त्यात गेलेल्या विजेचा थोडाच भाग उजेड होतो, बाकी सगळी उष्णता. कापूस भरायच्या खोलीत तसला बल्ब एकही राहू देऊ नका. एलईडी कमी तापतो, पण तोही कापसात दाबला गेला तर मागचा भाग तापतो. म्हणून कापूस भरण्याच्या आधी चार गोष्टी करा. दिवा ढिगापासून दूर भिंतीवर घ्या. त्या खोलीतली सैल वायर, चिकटपट्टी लावलेला जोड, तुटका होल्डर बदलून घ्या, कारण ठिणगी तिथंच पडते. बोर्डाच्या समोरची हातभर जागा मोकळी ठेवा. आणि लाईन गेली म्हणून चिमणी, मेणबत्ती किंवा उदबत्ती घेऊन त्या खोलीत कुणालाही जाऊ देऊ नका. तिथं फक्त टॉर्च. वर्षाची कमाई त्या एका खोलीत असते, ताई.

घराबाहेरचा अंधार

पोरगी संध्याकाळनंतर पाणी कमी पिते, कारण रात्री संडासला जायचं भ्याव वाटतं. हे किती घरांत आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. संडास बांधला, अनुदान आलं, फोटो निघाला, पण तो परसात वीस पावलं दूर आणि आत-बाहेर मिट्ट काळोख. मग त्या संडासाचा रात्री उपयोग काय?

हिशेब करू. ५ वॅटचा एलईडी रोज ४ तास लावला तर महिन्याला ६०० वॅट-तास, म्हणजे अर्ध्या युनिटपेक्षा थोडं जास्त. एवढ्या विजेत पोरीचं भ्याव जातं. दिवा संडासाच्या दाराबाहेर असा लावा की वाट आणि आतली फरशी दोन्ही दिसतील. बटन घरातून बाहेर पडतानाच दाबता यावं, अंधारात चालत जाऊन दाबायचं असेल तर काय फायदा? बाहेरचा होल्डर पावसापासून झाकलेला हवा. वीज न्यायची सोय नसेल तर सौर दिवा लावा, पण त्याची काच सावलीत नको, दिवसभर ऊन लागेल अशी बसवा.

आणि साप. मण्यार रात्रीच फिरतो, घरात शिरतो, खाली झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येतो, आणि तो चावलेला कित्येकदा कळतही नाही. म्हणून कोठ्यात, सरपणाच्या ढिगाजवळ, न्हाणीत जाताना टॉर्च हातात हवाच. टॉर्च घरात एका ठरलेल्या खिळ्याला टांगलेला असावा. सरपणात हात घालण्याआधी उजेड, मग हात. दाराच्या अगदी डोक्यावर पांढरा-निळसर लख्ख दिवा लावला की किडे जमतात, किड्यांमागं पाली-बेडूक येतात आणि त्यांच्यामागं सापही येऊ शकतो. तिथं पिवळसर दिवा घ्या, त्याच्याकडे किडे कमी येतात. आणि जमलं तर दारापासून थोडा दूर लावा.

फुकटचा उजेड आधी

विकतच्या उजेडाआधी फुकटचा घ्या. दिवाळीची रंगरंगोटी जवळ आली आहे. धुरानं काळी झालेली भिंत उजेड खाऊन टाकते, चुन्याची पांढरी भिंत तो परत देते. सयपाकघराला गडद हिरवा-निळा रंग "मळत नाही" म्हणून देतो. मळतो तर तोही, फक्त दिसत नाही. निदान वरची अर्धी भिंत आणि आढ्याची आतली बाजू पांढरी करा. चुन्याच्या एका पिशवीत सगळ्या घराचा उजेड वाढतो.

टिनाचं छत असेल तर एखाद्या ठिकाणी पारदर्शक पत्रा टाकता येतो, कवेलूचं असेल तर काचेचं कवेलू किंवा काचेची पट्टी बसवता येते. पण आपल्याकडचा उन्हाळा ठाऊक आहे न? तो पत्रा उत्तरेच्या उताराला टाका. तिकडून उजेड येतो, ऊन कमी येतं. खिडकीसमोर पेटी, धान्याची कोठी, पोती रचलेली असतात, ती एकदा हलवून बघा. चार हजाराच्या बल्बांनी जे होणार नाही ते कधी कधी एक पोतं सरकवून होतं.

दुकानात काय विचारायचं

आता खरेदी. 'उजाला' योजना ५ जानेवारी २०१५ ला सुरू झाली, तेव्हापासून एलईडी बल्ब गावोगाव पोचला. ज्या निळ्या एलईडीमुळे हा पांढरा दिवा शक्य झाला, त्याच्या शोधाला २०१४ चं नोबेल पारितोषिक मिळालं, तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना. आता तो दिवा आपल्या नेरच्या बाजारात साधारण शंभर रुपयांच्या आसपास मिळतो. पण सगळे सारखे नसतात. पाच गोष्टी बघा.

एक, वॅट म्हणजे वीज किती खातो, ल्युमेन म्हणजे उजेड किती देतो. खोक्यावर ल्युमेन वाचा. ९ वॅटचे दोन बल्ब असतील तर ज्याचे ल्युमेन जास्त तो घ्या. चांगला ९ वॅटचा बल्ब ९०० ल्युमेनच्या आसपास देतो, जुन्या ६० वॅटच्या गोळ्यापेक्षा जास्त.

दोन, रंग. खोक्यावर २७०० किंवा ३००० के लिहिलं असेल तर पिवळसर, ६५०० के असेल तर पांढरा-निळसर, ४००० के मधला. झोपायच्या खोलीला आणि बाहेरच्या दाराला पिवळसर, अभ्यास-शिवण-सयपाकाला मधला किंवा पांढरा. पांढरा म्हणजे जास्त उजेड असं नाही, तो फक्त रंग आहे.

तीन, बीईईचे तारे आणि भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक. तो 'आर-' नं सुरू होतो. ज्या बल्बावर कंपनीचं नाव नाही, क्रमांक नाही, तो जत्रेतला वीस रुपयांचा बल्ब महागच पडतो.

चार, बिल आणि गॅरंटी. बल्बाच्या बुडावर खरेदीची तारीख पेनानं लिहून ठेवा. गॅरंटीत गेला तर बिलासकट परत न्या. "बाईमाणसाला काय कळते" असं कोणी म्हणालं तर बिल पुढे करा.

पाच, लुकलुक. मोबाईलचा कॅमेरा चालू बल्बासमोर धरा. पडद्यावर काळे पट्टे जोरात हलताना दिसले तर तो दिवा डोळ्याला दिसत नाही अशा वेगानं लुकलुकतो. अभ्यासाला आणि शिवणाला तो घेऊ नका.

बिलाचं गणित

गटात आपण व्याज पैशापैशानं मोजतो, तसंच बिल मोजू. १००० वॅट एक तास चालले म्हणजे १ युनिट. ६० वॅटचा जुना बल्ब रोज ५ तास म्हणजे महिन्याला ९ युनिट. ९ वॅटचा एलईडी तेवढाच वेळ म्हणजे १.३५ युनिट. एका बल्बामागं महिन्याला साडेसात युनिटपेक्षा जास्त वाचतात. घरात असे दोन जुने बल्ब उरले असतील तर पंधरा युनिट. आणि आपल्या बिलात पहिल्या १०० युनिटचा दर कमी असतो, त्यावर गेलं की वरच्या युनिटला चढा दर लागतो. काठावरच्या घराला हे पंधरा युनिट फार जड पडतात.

आता जी गंमत आहे ती बघा. एक जुना बल्ब काढला तर तेवढ्याच विजेत ९ वॅटचे सहा एलईडी चालतात. म्हणजे सयपाकघर, मशीन, अभ्यास, संडास, कोठा, पायरी सगळीकडे उजेड, आणि बिल वाढणार नाही. "बिल वाढते" म्हणून बाईच्या जागेला दिवा नाही, हे कारण आता उरलं नाही.

लाईन जाते त्यासाठी बॅटरीवाला बल्ब मिळतो, त्याला दुकानात इन्व्हर्टर बल्ब म्हणतात. वीज असताना भरून घेतो आणि गेली की काही तास चालतो. असा एकच घ्यायचा असेल तर तो टीव्हीच्या खोलीत नको, सयपाकघरात लावा. बटन चालू ठेवलं तरच तो भरतो, हे घरात सगळ्यांना सांगा.

जीव आधी, उजेड मग

दिवा हलवायचा म्हणजे वायर हलवायची, म्हणून हे कान देऊन ऐका. टिनाच्या घरात वायर पत्र्यावरून घासत नेऊ नका. वरचं आवरण फाटलं की सगळं घर करंट धरतं. वायर प्लास्टिकच्या पाइपातून किंवा पट्टीतून न्या. कपडे वाळवायची लोखंडी तार विजेच्या वायरजवळ, मीटरच्या खांबाला, पत्र्याला बांधू नका. ओले कपडे टाकताना त्या तारेला हात लागून जीव गेलेल्या बायांच्या बातम्या दर पावसाळ्यात वाचतो आपण. दोरी वापरा, नायलॉनची.

अर्थिंग आहे का ते विचारा. मेन स्विचजवळ ३० मिलीअँपियरचं आरसीसीबी बसवून घ्या. करंट गळू लागला की ते क्षणात लाईन तोडतं. खर्च एकदाच होतो, त्यासाठी गटाचं कर्ज घेतलं तरी ते वाया नाही. काम परवानाधारक वायरमनकडूनच करा. घरच्या हौशी पोराला खांबावर चढवू नका, आणि आकडा तर नकोच. दिवाळीच्या माळा उंबऱ्यावर, ओल्या जागी, पोरांच्या हाताला लागतील अशा सोडू नका.

नवं घरकुल बांधणाऱ्या तायांना

प्रधानमंत्री आवास योजनेचं ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण पावणेतीनशे चौरस फुटाचं. जागा थोडी, म्हणून चूक परवडत नाही. पुष्कळ घरकुलं बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर आहेत. तर मग वायरमन आला की बाईनं तिथं उभं राहायचं. प्लास्टर व्हायच्या आधी खडूनं भिंतीवर खुणा करा: इथं चूल-ओटा, इथं मशीन, इथं पोरांची वही, इथं सासूबाईंची खाट. प्रत्येक खुणेजवळ पॉइंट. बटनं तुमच्या आणि पोरांच्या हाताला येतील अशा उंचीवर. दाराबाहेर आणि संडासाकडे एक-एक पॉइंट. प्लास्टर झाल्यावर हेच काम दुप्पट पैशात आणि निम्मं होतं.

बायाच दिवे बनवतात

"हे वायर-बल्ब बायांचं काम नाही," असं कोणी म्हटलं तर त्याला दूर नेऊ नका, शेजारच्या वर्धा जिल्ह्यात न्या. देवळी तालुक्यातल्या कवठा (झोपडी) गावात बचत गटांच्या बायांनी 'तेजस्वी' नावाची सहकारी संस्था काढून सौर पॅनेलचा कारखाना उभा केला. उमेदची साथ होती, आयआयटी मुंबईचं तांत्रिक मार्गदर्शन होतं. त्याआधी राजस्थानात डुंगरपूरला आदिवासी बायांनी 'दुर्गा एनर्जी' नावानं असाच कारखाना चालवला. त्या बाया आधी शाळकरी पोरांसाठी सौर दिवे जोडायला शिकल्या, मग पॅनेलपर्यंत पोचल्या. त्या आपल्यासारख्याच, शेतात जाणाऱ्या, अंगठ्यावरून सहीवर आलेल्या. आपल्यातल्या दोघी-चौघींनी बल्बदुरुस्ती आणि वायरिंगचं प्रशिक्षण मागितलं तर तो गावातला चालता धंदा आहे. बल्ब तर रोजच जातात!

आता करायचं काय

भाषण ऐकलं आणि घरी गेलं, असं नको. तीन कामं देते.

पहिलं, येत्या आठवड्यात गटाच्या बैठकीनंतर सगळ्या मिळून पाच घरांत रात्री फेरी मारा. प्रत्येक घरात एकच बघा, बाईचे हात जिथं चालतात तिथं पासबुक वाचता येतं का. कुणाच्या घराला नावं ठेवायची नाहीत, फक्त वहीत लिहायचं.

दुसरं, ज्याला जे हवं त्याची एक यादी करा आणि गटानं, जमलं तर ग्रामसंघानं, एकत्र खरेदी करा. पन्नास बल्ब एकदम घेतले तर दुकानदार भाव कमी करतो आणि बिलही देतो. ज्यांना एकदम पैसे जमणार नाहीत त्यांना अंतर्गत कर्जातून द्या, दोन हप्त्यांत फिटेल एवढीच रक्कम असते.

तिसरं काम घरचं आहे आणि ते सगळ्यात अवघड आहे. आज रात्री घरच्यांशी बोला. भांडायचं नाही. फक्त म्हणायचं, "पुढच्या खोलीतला दिवा आठ दिवस सयपाकघरात लावून पाहू." काही घरांत कुरकुर होईल. होऊ द्या. आठ दिवसांनी वरणात खडा लागला नाही, पोराची वही चुलीपाशी सरकली, की घरातलं माणूसच म्हणेल, अजून एक बल्ब आणून लावू. गोडीनं सांगितलेलं आपल्याकडे ऐकतात.

आपण बचत करतो ती पोरांसाठी, आजारपणासाठी, शेतीसाठी. स्वतःच्या डोळ्यांसाठी अन् बोटांसाठी बाई काही मागत नाही. एक दिवा मागणं म्हणजे चैन नव्हे. या घरात माझंही काम आहे आणि ते दिसायला पाहिजे, एवढंच ते मागणं आहे.

पुढच्या सभेला येताना फेरीची वही घेऊन या. कोणत्या गावानं किती दिवे हलवले ते आपण इथंच मोजू.

जय जिजाऊ, जय सावित्री!